वर्धेकाठी सापडलेली दाढ मॅमथची असेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नागपूरचे, मामाचं गाव वर्धा नदीच्या काठी. पावसाळा संपल्यावर रेतीघाटाच्या वरच्या अंगाला दरड ढासळली आणि त्या ढिगाऱ्यात विटेपेक्षा थोडा मोठा, हाताला चांगलाच जड लागणारा दगड मिळाला. त्याच्या एका बाजूला आडवे पट्टे आहेत. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी 'हा मॅमथचा दात' असं ठरवून टाकलं. तुम्ही विचारताय की हे खरं का, हत्ती मॅमथपासूनच झाला ना, मग मॅमथ संपले आणि हत्ती वाचले हे कसं, आणि नागपुरात कार्बन डेटिंग कुठे करून मिळेल.

माझी नोकरी नर्मदेच्या आणि वर्धा-पैनगंगेच्या गाळातले प्राण्यांचे जीवाश्म गोळा करण्यात आणि ते ओळखण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या चार प्रश्नांच्या मुळाशी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाढ कुणाची हे दाढ स्वतः सांगते. ती कधीची हे मात्र ज्या थरातून ती पडली तो थर सांगतो. हत्तीकुळातले बहुतेक प्राणी का संपले, हा प्रश्न एका दाढेच्या आवाक्याबाहेरचा आहे, पण त्यावर आपल्या भागापुरतं सांगण्यासारखं बरंच काही आहे.

आधी तातडीचं. वस्तू ओलसर असेल तर उन्हात ठेवू नका. नदीच्या गाळातून निघालेली दाढ झपाट्याने वाळली की पट्टे एकमेकांपासून सुटतात, आणि मग हातात उभ्या फळ्यांचा ढीग उरतो. वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत हळूहळू वाळू द्या. ब्रशने घासून धुऊ नका, चुन्याचा थर काढायला ॲसिड किंवा लिंबू लावू नका, आणि कृपा करून फेव्हिकॉल लावू नका. प्रयोगशाळेत आम्ही असिटोनमध्ये विरघळणारा पॅरालॉइड नावाचा चिकट पदार्थ वापरतो, कारण तो नंतर काढता येतो. फेव्हिकॉल निघत नाही आणि पुढची प्रत्येक तपासणी बिघडवतो.

आता, ती दाढ आहे का? नागपुरात लोक माझ्याकडे जे घेऊन येतात त्यातलं बहुतेक जीवाश्म नसतं. कुजलेला काळा पाषाण कांद्याच्या पापुद्र्यांनी सुटतो आणि आत गोल गोटा उरतो, तो 'डायनासोरचं अंडं' म्हणून येतो. कंकराच्या, म्हणजे गाळात साकळलेल्या चुन्याच्या, गाठी 'हाड' म्हणून येतात. दगड झालेलं लाकूड 'दात' म्हणून येतं, कारण त्यातही रेघा असतात. हे लाकूड खरोखरच जीवाश्म असतं, पण लाकडाची रेघ सगळीकडे सारख्याच पदार्थाची असते. हत्तीकुळाच्या दाढेत तीन पदार्थ शेजारी शेजारी दिसतात: चकचकीत, कठीण इनॅमल, त्याच्या आत पिवळट किंवा तपकिरी डेंटिन आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या खाचेत भरलेलं खरबरीत सिमेंट. साधं भिंग घेऊन पट्ट्याच्या कडेला बघा. बारीक, चमकदार अशी बंद कड पट्ट्याभोवती फिरून परत येत असेल, तर ती दाढ आहे असं धरून पुढे जायला हरकत नाही.

ती कुठल्या दगडातून आली नाही, हेही इथेच सांगून टाकतो. नागपूरच्या आसपासचा काळा पाषाण, म्हणजे डेक्कन ट्रॅप, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. नागपूरच्या टाकळीला या पाषाणाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळातून (आंतरथरांतून) मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात जीवाश्म गोळा केले, तेही त्याच काळातले. कामठी-उमरेडचा कोळसा त्याहून कितीतरी जुना. हत्तीच्या कुळातला सगळ्यात जुना ज्ञात प्राणी मोरोक्कोच्या फॉस्फेट खाणींत मिळाला, सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे आपला ट्रॅप थंड होऊन लाखो वर्षं उलटल्यावरचा. त्यामुळे काळ्या पाषाणात किंवा कोळशात हत्ती मिळायचा नाही. विदर्भात तो शोधायचा तर नद्यांच्या काठच्या पिवळसर गाळात आणि त्याखालच्या घट्ट झालेल्या वाळू-गोट्यांच्या थरात. चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यात वर्धा-पैनगंगेच्या गाळातून हत्तीकुळातले अवशेष मिळाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. तुमची जागा त्या चित्रात बसते.

इथे एक शक्यता लोक विसरतात. ती दाढ दोनशे वर्षांपूर्वीची असू शकते. भोसल्यांच्या पदरी हत्ती होते, त्याआधी गोंड राजांकडेही होते, आणि मेलेला हत्ती नदीकाठी पुरला किंवा टाकला जाणं अगदी शक्य आहे. २०२१ पासून रानहत्तींचे कळप छत्तीसगडकडून गडचिरोलीत येतात, तेव्हा ताज्या हाडांची शक्यताही अगदीच शून्य नाही. ताजी दाढ आकाराच्या मानाने हलकी असते, डेंटिन पांढरट असतं आणि तापवलेल्या सुईने टोचलं तर जळक्या केसांचा वास येतो. जीवाश्माला तसा वास येत नाही. ती आजच्या हत्तीची निघाली तर घरात ठेवू नका, वन विभागाला कळवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हत्ती पहिल्या अनुसूचीत आहे.

समजा जीवाश्मच आहे. मग कुणाचा?

हत्तीला आयुष्यात प्रत्येक जबड्याच्या प्रत्येक बाजूला सहा दाढा येतात, पण आपल्यासारख्या खालून वर येत नाहीत. मागून पुढे सरकत येतात. पुढची झिजून तुकड्या-तुकड्याने गळते, मागची तिच्या जागी येते. सहावी झिजली की जनावर चावू शकत नाही आणि थकून मरतं. दाढेची घडण बघितली तर हे काम कसं चालतं ते कळतं. आपल्या आजीच्या जात्याला मधूनमधून टाकी लावावी लागायची, नाहीतर पाळ गुळगुळीत होऊन दळण भरडं निघायचं. हत्तीच्या दाढेला टाकी आपोआप लागते, कारण सिमेंट आणि डेंटिन लवकर झिजतं, इनॅमल सावकाश. त्यामुळे इनॅमलच्या कडा कायम वर उठून राहतात आणि गवत कापलं जातं.

म्हणून आम्ही दाढ हातात घेतली की आधी पट्ट्या मोजतो. मग दहा सेंटिमीटरमध्ये किती पट्ट्या बसतात ते बघतो, आणि इनॅमलची जाडी. केसाळ मॅमथच्या शेवटच्या दाढेत वीसपासून अठ्ठावीसपर्यंत पट्ट्या असू शकतात, अगदी चिकटून बसलेल्या, आणि इनॅमल जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. आफ्रिकी हत्तीच्या शेवटच्या दाढेत दहा ते तेराच्या आसपास पट्ट्या, झिजल्यावर शंकरपाळ्याच्या आकाराच्या दिसणाऱ्या. आशियाई हत्तीच्या पट्ट्या समांतर आणि त्यांची इनॅमलची कड बारीक चुणीदार.

पण नुसता आकडा फसवतो. आशियाई हत्तीच्या सहा दाढांत क्रमाने साधारण चार, आठ, बारा, बारा, सोळा आणि चोवीस पट्ट्या असतात. म्हणजे बारा पट्ट्यांची दाढ हातात आली तर ती जुन्या काळच्या एखाद्या प्रौढ हत्तीची शेवटची असेल, नाहीतर आजच्यासारख्या हत्तीच्या पिलाची तिसरी. फरक आकारावरून कळतो, आणि मुळांवरून, मागच्या टोकाच्या निमुळतेपणावरून. इंटरनेटवर एका फोटोवरून 'अमुक जात' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. अर्धी दाढ तुटून गेलेली असते, आणि उरलेल्या अर्ध्यावर जात ठरवायची म्हणजे गाडीच्या दारावरून मॉडेल सांगण्याचा आगाऊपणा.

वर्धेच्या काठी तीन शक्यता गंभीरपणे घ्याव्या लागतात.

पहिली, स्टेगोडॉन. याच्या दाढेत उंच पट्ट्या नसतात. बुटक्या, दोन्ही बाजूंनी उतरत्या कडा असतात, प्रत्येक कडेवर बारीक बोंडांची रांग, दोन कडांमध्ये उघडी इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची घळ आणि इनॅमल चांगलं जाड. हे एकदा पाहिलं की विसरत नाही. हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिकच्या टेकड्यांत मिळालेल्या एका स्टेगोडॉनला 'गणेसा' असं नाव आहे. त्याचे सुळे एकमेकांच्या इतके जवळ होते की सोंड मधून खाली सोडायला जागाच नव्हती, ती एका बाजूने टाकावी लागत असणार.

दुसरी, पॅलिओलॉक्सोडॉन नमादिकस. नर्मदेवरून नाव पडलेला हा प्रचंड हत्ती. सहारनपूरच्या सरकारी बागेचे अधीक्षक ह्यू फाल्कनर आणि कालव्यांचे इंजिनिअर प्रोबी कॉटली या जोडीने १८४० च्या दशकात त्याचं वर्णन केलं. शिवालिकचे हत्ती जगापुढे आणणारेही हेच दोघे. नमादिकसची खांद्याची उंची चार मीटरच्या वर गेली असावी. काही अंदाज पाच मीटर ओलांडतात, पण ते मांडीच्या मोडक्या हाडावरून काढलेले आहेत आणि मी ते जपूनच घेतो. तुलनेला, आजचा मोठा आशियाई नर साधारण तीन मीटरचा. महाराष्ट्रातही हा प्राणी होता. नाशिकजवळ नांदूरमधमेश्वरला गोदावरीच्या गाळातून तो मिळाल्याची नोंद भूशास्त्रज्ञ गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये केली. त्याच्या झिजलेल्या पट्ट्यांच्या मधोमध छोटीशी टोकदार घडी दिसते. भिंगातून तीच शोधा.

तिसरी, एलिफस वंशातले, म्हणजे आजच्या आशियाई हत्तीच्या थेट घराण्यातले. शिवालिकच्या वरच्या थरांतला एलिफस हायसुड्रिकस हा बहुतेकांच्या मते आजच्या हत्तीचा पूर्वज.

मॅमथ या यादीत नाही. दक्षिणेकडच्या आपल्या पठारावरून मॅमथचा पक्का म्हणता येईल असा जीवाश्म नाही. केसाळ मॅमथ हा थंड, कोरड्या गवताळ प्रदेशाचा प्राणी, युरोप-सायबेरियापासून उत्तर अमेरिकेपर्यंतचा. त्याने विदर्भाचा मे महिना पाहिलेला नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, हत्ती मॅमथपासून झाला का. नाही. मॅमथ हा हत्तीचा आजोबा नव्हे, चुलतभाऊ. त्याचे सर्वांत जुने अवशेष आफ्रिकेत आहेत, सुमारे पन्नास लाख वर्षांपूर्वीचे. आशियाई हत्तीचं आणि आफ्रिकी हत्तीचं घराणंही आफ्रिकेतूनच निघालं. केनियात लोथागमसारख्या ठिकाणी साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीच्या थरांत प्रिमेलेफस आणि स्टेगोटेट्राबेलोडॉन हे सुरुवातीचे हत्ती मिळतात. पुढे डीएनएने हे पक्कं केलं की मॅमथ आशियाई हत्तीला जास्त जवळचा, आफ्रिकी हत्तीला लांबचा. म्हणजे आफ्रिकी आणि आशियाई हत्ती शेजारी उभे केले तर त्यातला आशियाई हा मॅमथचा जास्त सख्खा.

त्याआधीची वंशावळ सांगायची तर ती फार जुनी आणि फार फुटलेली आहे. मोरोक्कोचा तो ६ कोटी वर्षांपूर्वीचा एरिथेरियम जेमतेम पाच-सहा किलोचा होता. सोंड नाही, सुळे नाहीत. त्याचं वर्णन २००९ मध्ये झालं, आणि हा हत्तीच्या कुळातला आहे हे ओळखलं गेलं ते दाढांच्या गाठींच्या मांडणीवरून आणि कवटीच्या तपशिलांवरून. मग इजिप्तच्या फायुममधला मोएरिथेरियम, साडेतीन कोटी वर्षांच्या आगेमागे, दलदलीत राहणारा. त्याच्या दातांतल्या समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून, तो अर्धा पाण्यात राहायचा असं २००८ मध्ये दाखवलं गेलं. त्याच परिसरात फिओमिया आणि पॅलिओमॅस्टोडॉन, ज्यांना सुळे आणि बहुधा आखूड सोंडही होती. दाढा मागून पुढे सरकायची पद्धत नेमकी कधी सुरू झाली याचा धागा एरिट्रियात मिळाला, सुमारे २.७ कोटी वर्षांपूर्वीच्या एका जबड्यात.

सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी अरबस्तानचा भूभाग आशियाला चिकटला आणि आफ्रिकेत कोंडलेल्या या कुळाला बाहेरची वाट मिळाली. मग ते कुठे कुठे गेलं! खालच्या जबड्यातून खाली वळलेले सुळे असलेला डायनोथेरियम आपल्याकडे कच्छात आणि खंबातच्या आखातातल्या पिरम बेटावर मिळतो. चार सुळ्यांचे गॉम्फोथेर जगभर पसरले. मध्य आशियातल्या प्लॅटिबेलोडॉनचा खालचा जबडा पुढे रुंद, चपटा वाढलेला होता. अमेरिकेतला मॅस्टोडॉन शेवटपर्यंत गाठींच्या दाढांनी डहाळ्या चघळत राहिला. हत्तीकुळाच्या आतापर्यंत वर्णन झालेल्या जाती दीडशेहून बऱ्याच जास्त आहेत. आज उरल्यात तीन: आशियाई हत्ती, आफ्रिकेतला गवताळ रानाचा हत्ती आणि आफ्रिकेतला दाट जंगलाचा हत्ती.

या सगळ्यात मला व्यक्तिशः सगळ्यात भावतं ते दाढा उंच होण्याचं प्रकरण. ऐंशी-सत्तर लाख वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेत उष्ण प्रदेशातलं गवत पसरलं. गवतात सिलिका, वर धूळ, दात झपाट्याने झिजणार. मग दाढा लगेच उंच झाल्या असतील असं वाटतं. पण जीवाश्मतज्ज्ञ एड्रियन लिस्टर यांनी २०१३ मध्ये दाखवलं की हत्तीकुळाने गवत खायला सुरुवात केली ती ऐंशी लाख वर्षांपूर्वी आणि दाढा खऱ्या अर्थाने उंच व्हायला लागल्या त्यानंतर सुमारे तीस लाख वर्षांनी. काय खाल्लं ते इनॅमलमधल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून कळतं, कारण झाडपाला आणि उष्ण प्रदेशातलं गवत यांचा ठसा वेगळा असतो. म्हणजे जनावराने आधी सवय बदलली, दाढ मागाहून बदलली. वर्गात अनेक जण हे उलटं शिकवतात.

आणि दाढ कधी कधी खोटंही बोलते, हे सांगितलं नाही तर मी तुम्हाला अर्धवट माहिती देईन. स्टेगोडॉनच्या आडव्या कडा पाहून फार काळ त्याला खऱ्या हत्तींचा पूर्वज मानत. आता कळतं की दोन्ही घराणी गॉम्फोथेरांच्या वेगवेगळ्या शाखांतून निघाली आणि दोघांनी चघळायची सारखी युक्ती स्वतंत्रपणे घडवली. नमादिकसच्या युरोपी नातेवाइकाचं, पॅलिओलॉक्सोडॉन अँटिक्वसचं, याहून मजेदार. दात-कवटीवरून तो आशियाई हत्तीजवळचा समजला जायचा. २०१७ मध्ये जर्मनीतल्या हाडांतून डीएनए निघाला आणि तो आफ्रिकेच्या दाट जंगलातल्या हत्तीजवळ जाऊन बसला. पुढच्याच वर्षी आलेल्या पूर्ण जनुकसंचांवरून दिसलं की त्या घराण्यात एकाहून जास्त शाखांचं रक्त मिसळलं होतं. आपल्याकडच्या नमादिकसचा डीएनए मिळण्याची आशा मी धरत नाही. आपल्या उन्हात तो टिकत नाही.

कार्बन डेटिंगचंही तसंच. ती पद्धत पन्नास हजार वर्षांच्या अलीकडेच चालते, आणि हाडात किंवा डेंटिनमध्ये कोलॅजन हे प्रथिन शिल्लक असेल तर. विदर्भाच्या उष्णतेत, चुना मुरलेल्या गाळात, कोलॅजन उरलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. त्यामुळे 'दाढेचा तुकडा द्या, वय सांगतो' असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका. आम्ही बहुतेकदा गाळाचंच वय काढतो. वाळूच्या कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं हे प्रकाशदीप्तीच्या पद्धतीने कळतं, पण त्यासाठी थरात नळी ठोकून, अंधारात नमुना काढावा लागतो. इनॅमलवर इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्सची, म्हणजे त्यात साठलेला किरणोत्सर्गाचा परिणाम मोजायची, पद्धत चालते, तीही त्या थरातलं किरणोत्सर्गाचं प्रमाण मोजल्याशिवाय अपुरी. नर्मदेच्या आणि सोन नदीच्या खोऱ्यांत सुमात्राच्या टोबा ज्वालामुखीची राख मिळते. तो स्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा, आणि राखेच्या वर की खाली एवढं कळलं तरी मोठं काम होतं. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की वय थर सांगतो. ढासळलेल्या ढिगाऱ्यात सापडलेल्या दाढेची अडचण हीच आहे: ती वरच्या पिवळ्या गाळातली की खालच्या घट्ट गोट्यांच्या थरातली, हे ठरवावं लागेल. दाढेच्या खाचांत अजून चिकटून असलेला गाळ यासाठी सोन्यासारखा आहे. घासू नका म्हटलं ते यासाठीही.

आता संपण्याबद्दल. 'माणसाने मारले की हवामानाने' असा सामना लावून लोक वाद घालतात. वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या काळी उत्तर वेगळं आहे, एवढं आधी मान्य करू.

या कुळाची मोठी छाटणी माणूस येण्याच्या बरीच आधी झाली. जंगलं आटली, गवत पसरलं, सुमारे तीस लाख वर्षांपासून थंडी-गर्मीचे झोके तीव्र झाले, आणि एकाच प्रकारच्या चाऱ्यावर अवलंबून असलेली जबड्यांची विचित्र मॉडेलं आधी गेली. शेवटचे डायनोथेर आफ्रिकेत सुमारे दहा लाख वर्षांपूर्वी संपले, आणि त्याचं खापर आदिमानवावर फोडायला पुरावा नाही.

शेवटच्या लाख-सव्वा लाख वर्षांत मात्र माणसाचा हात स्पष्ट दिसतो. जर्मनीत नॉयमार्क-नॉर्डला निअँडरथल माणसांनी सव्वा लाख वर्षांपूर्वी प्रचंड हत्ती फोडून खाल्ल्याच्या खुणा हाडांवर आहेत. अमेरिकेत ॲरिझोनातल्या नाको इथे एका मॅमथसोबत क्लोव्हिस या प्राचीन शिकारी संस्कृतीची आठ दगडी भालाटोकं मिळाली. तरी कत्तल असं चित्र डोळ्यापुढे आणू नका. हत्तिणीचा गर्भकाळ सुमारे बावीस महिन्यांचा, दोन पिलांत चार-पाच वर्षांचं अंतर. अशा जनावराचा कळप संपवायला दरवर्षी थोडी जास्तीची शिकार पुरते, आणि हवामानाने कुरण आकसलेलं असेल तर त्याहून कमी.

मॅमथचे शेवटचे कळप सायबेरियाच्या उत्तरेला रँगेल बेटावर सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपर्यंत जगत होते. आपल्याकडे हडप्पाचे लोक मुद्रांवर हत्ती कोरत होते त्या काळात. २०२४ मध्ये त्यांच्या जनुकांचा अभ्यास आला, त्यातून दिसतं की दहा हजार वर्षांपूर्वी बेट तुटलं तेव्हा तिथे जास्तीत जास्त आठ जनावरं उरली होती. त्यातून दोन-तीनशेंचा कळप वाढला आणि सहा हजार वर्षं टिकला. अंतर्गत लग्नांचा तोटा जनुकांत दिसतो, पण तो हळूहळू संपवणारा नव्हता. शेवट अचानक झाला, आणि तो कशाने हे जनुकांत लिहिलेलं नाही.

मग आपल्याकडे काय झालं? भारतात माणूस आणि हत्तीकुळ फार काळ एकत्र राहिले. नर्मदेकाठी हथनोऱ्याला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना १९८२ मध्ये आदिमानवाच्या कवटीचा भाग मिळाला, तो ज्या गोट्यांच्या थरात होता त्यातच हत्ती आणि स्टेगोडॉनही आहेत. काश्मीरमध्ये पांपोरजवळ २००० साली मिळालेल्या पॅलिओलॉक्सोडॉनच्या कवटीसोबत दगडी हत्यारं होती आणि हाडं आतल्या मज्जेसाठी फोडल्याच्या खुणा होत्या. तो काळ तीन-चार लाख वर्षांपूर्वीचा. इतक्या शेजारानंतरही भारतात मोठ्या प्राण्यांचा नाश अमेरिकेच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या मानाने फारच कमी झाला. नमादिकस, स्टेगोडॉन, पाणघोडा आणि एक रानघोडा एवढे मोठे शाकाहारी गेले, आणि तेही आपल्यासारख्या आधुनिक माणसाच्या आगमनानंतर बऱ्याच उशिरा, सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीपासून पुढे.

माझं मत विचाराल तर: ज्या खंडांत जनावरं माणसाबरोबर वाढली, तिथे ती त्याला बिचकायला शिकली. आफ्रिका आणि दक्षिण-आग्नेय आशिया हीच दोन ठिकाणं, आणि आज हत्ती नेमके तिथेच उरलेत. नमादिकस गेला आणि आजचा हत्ती राहिला याचं कारण मी आकारात आणि चाऱ्यात शोधतो. आशियाई हत्ती गवत, बांबू, साल, पाला, फळं, जे मिळेल ते खातो आणि दाट जंगलात शिरतो. त्याच्या दीडपट उंच जनावराला रोज लागणारा चारा आणि पाणी दुष्काळी हजार वर्षांत मिळालं नसावं. हे सिद्ध झालेलं नाही. गाळातल्या आणखी दाढांची वयं नीट लागल्याशिवाय होणारही नाही, आणि अशा दाढा बहुतेक वेळा रेतीघाटावरच्या पोकलेनमध्ये चुरडून जातात. म्हणून तुमची दाढ महत्त्वाची.

तर आता हे करा. दाढेचे चार फोटो टाका: चघळायची बाजू, दोन्ही कडा आणि मुळांची बाजू. शेजारी शाळेची पट्टी ठेवा, नाणं नको, नाण्यांचे आकार बदलतात. दरड जिथून ढासळली तिथला फोटो दूरून आणि जवळून, मोबाइलचं लोकेशन चालू ठेवून. पण त्या कड्याखाली उभे राहू नका, ओली दरड पुन्हा पडते. खाचांतला गाळ वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर तारीख लिहा. आसपास आणखी हाडं दिसत असतील तर उकरू नका, तिथे काडी रोवून ठेवा. मग दाढ घेऊन सेमिनरी हिल्सवरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात जा. जाण्याआधी फोन करा, जीवाश्म बघणारा माणूस फील्डवर नाही ना याची खात्री करून घ्या. दाढ त्यांच्याकडे ठेवायची वेळ आली तर पावती घ्या आणि नोंदीत गावाचं नाव नीट लिहिलंय ना ते तिथेच वाचून बघा. फोटो आले की पट्ट्या मोजून मी इथेच लिहीन.